जात्याला दुसरा हात

(शताब्दी सोहळ्यातील निरूपण)



आपल्या दिंडीला शंभर वर्षं झाली. वीणा कुणी धरला, पताका कुणी वाहिली, हे सगळं स्मरणिकेत येईल. मी आज बोलणार आहे ते सगळ्यांच्या पंगती उठल्यावर जेवणाऱ्या माणसाबद्दल.

हातकणंगले तालुक्यातलं कुंभोज आपल्याला ठाऊक आहे. कर्मवीर भाऊराव पाटलांचं ते जन्मगाव. अण्णांनी १९१९ साली रयत शिक्षण संस्था काढली आणि १९२४ साली साताऱ्यात बोर्डिंग सुरू केलं. सगळ्या जातींची पोरं एका पंगतीला. अण्णा मदतीसाठी गावोगाव हिंडायचे. इकडं पोरांचं दुखलंखुपलं बघायच्या त्या त्यांच्या पत्नी लक्ष्मीबाई, पोरांच्या वहिनी. पोरांच्या जेवणासाठी वहिनींच्या अंगावरचे दागिने गेले, शेवटी मंगळसूत्रही गेलं. १९३० साली वहिनी गेल्या. आज त्यांना ‘रयत माऊली’ म्हणतात. पोरांची पोटं भरली, हे आपण अभिमानानं सांगतो. गळा मोकळा झाला तेव्हा त्या बाईच्या मनाला काय झालं असेल, हे विचारायचं मात्र राहून जातं.

चांगल्या माणसाचं असंच होतं बघा. देणारा हात सगळ्यांना दिसतो, तो दुखतो हे कुणाला दिसत नाही. त्याला काही लागतच नाही, असं आपणच ठरवून टाकतो. तोही बोलत नाही. मागायची सवयच नसते त्याला.

जनाबाई आठवा. नामदेवरायांच्या घरची दासी. घरात एवढी माणसं, पण जात्यावर ती एकटी. तेव्हा पांडुरंग दळायला आला, असं आपण पिढ्यान्‌पिढ्या ऐकतो. त्यानं उपदेश केला नाही, नुसती शाबासकी दिली नाही. समोर बसला आणि खुंटा धरला. दोघांनी ओढलं की जातं हलकं होतं, हे आयाबायांना सांगायला नको.

आपण वारकरी एकमेकांच्या पाया पडतो. एक वाकला की दुसराही वाकतो. नुसता देणारा आणि नुसता घेणारा आपल्यात कुणी नाही. मग चुलीपाशीच हा रिवाज का विसरतो?

म्हणून शताब्दीला एकच मागणं. वाट पंढरीची असो नाहीतर नंदवाळची, पहाटेपासून भाकरी थापणाऱ्या माऊलीला एक दिवस तरी पहिल्या पंगतीला बसवा. वाढायला तुम्ही उभं राहा. आणि घरी गेल्यावर, सगळ्यांचं करणाऱ्या माणसाला विचारा, “तुझं कसं चाललंय?” विचारून लगेच उठू नका. ऐकायला बसा.

रामकृष्ण हरी!