सुगरणीची पिलं घर सोडतात



आज तुम्हांला आपल्याच दिघोरीतली गोष्ट सांगणार आहोत. गोष्ट एका विहिरीची आहे, एका बाभळीची आहे आणि त्या बाभळीवरच्या पाखरांची आहे.

आपला भंडारा जिल्हा तळ्यांचा जिल्हा. गावोगावी तलाव, शेतोशेती बोडी. जिथं पाणी तिथं धान, आणि जिथं धान तिथं सुगरण. हे पाखरू तुम्ही सगळ्यांनी पाहिलं आहे. चिमणीएवढंच असतं. पावसाळ्यात नराच्या डोक्यावर पिवळाधमक रंग चढतो. मादी मात्र साधी, मातकट. विहिरीवर झुकलेल्या बाभळीला किंवा शिंदीच्या झावळ्यांना यांची घरटी लोंबतात. एकेका झाडावर दहा, वीस, कधी त्याहूनही जास्त. पाखरांचा टोलाच म्हणा ना!

आता बायांनी नीट ऐकावं. नाव सुगरण, पण घर विणतो कोण? नर! तो धानाच्या, गवताच्या पातीच्या कडेला चोचीनं चीर देतो आणि उडता उडता लांब धागा ओढून काढतो. असे शेकडो धागे आणतो, गाठी मारतो, विणतो. अर्धं घर झालं की पंख फडफडवून मादीला बोलावतो. मादी येते, आत शिरते, घर तपासते. पसंत पडलं तर राहते. मग नर खालची लांब नळी विणून घर पुरं करतो. नापसंत झालं तर मादी निघून जाते आणि ते घर तसंच अर्धवट लोंबत राहतं. तुम्हांला टोपीसारखी अर्धी घरटी दिसतात ना, त्यांतली कितीतरी अशी नाकारलेली असतात.

ही गंमत कोणी शोधली? डॉ. सालीम अली यांनी. ते मुंबईचे. पाखरांचे मोठे जाणकार म्हणून पुढं साऱ्या जगात त्यांचं नाव झालं. पण १९३० साली त्यांची नोकरी सुटली होती. ते अलिबागजवळ किहीम गावी राहायला गेले. तिथं घराजवळच सुगरणींची वसाहत होती. ते रोज तासन् तास बसून पाहत राहिले. त्यांना असंही दिसलं की एक घर पुरं झालं, मादी अंड्यांवर बसली, की नर दुसरं घर विणायला घेतो, दुसऱ्या मादीसाठी. अंडी उबवण्याचं काम मादीचंच. पिलांना चारण्याचा भारही बहुतेक तिच्यावरच. हे ऐकून आपल्या वर्गातली एक बाई म्हणाली, "गुरुजी, पाखरांतही तेच हाय म्हणा!" सगळा वर्ग हसला.

आता विहिरीची गोष्ट. मागच्या पावसाळ्यात रोवणी चालू होती. एका काकाजींनी आम्हांला वाटेत थांबवलं. त्यांच्या विहिरीवर बाभळीची मोठी फांदी आली होती. तिच्यावर सुगरणींची चौदा घरटी.

काकाजी म्हणाले, "गुरुजी, हे फांदी तोडाची हाय. पाला विहिरीत पडते, पाणी नासते. आन् हे पाखरं धान खातेत."

त्यांचं म्हणणं खोटं नव्हतं. पाणी त्यांचं, धानही त्यांचंच. आम्ही त्यांना म्हटलं, "काकाजी, फांदी तुमची आहे. पण एक महिना थांबाल का? आत अंडी आहेत."

"एक महिना काहून?"

आम्ही हिशेब सांगितला. सुगरण दोन ते चार पांढरी अंडी घालते. ती सुमारे पंधरा दिवस उबवते. पिलं बाहेर आली की आणखी सतरा-अठरा दिवसांनी उडतात. म्हणजे सारा खेळ महिन्याचा. दुसरीही गोष्ट सांगितली. मोठी सुगरण दाणे खाते हे खरं, आणि धान पिकलं की थवा येतो हेही खरं. पण पिलांना कोवळा चारा लागतो. नाकतोडे, अळ्या, किडे. जोवर पिलं घरट्यात आहेत तोवर त्यांची माय तुमच्या बांधीतले किडे वेचत असते.

काकाजी थोडा वेळ गप्प राहिले. मग म्हणाले, "बरं. पोळ्यापर्यंत थांबतो. पण पोट्टे दगड मारतेत, ते तुमी पाहा."

ते काम वर्गानं घेतलं. आपल्या वर्गात एक आजी आहेत. त्या सहा महिन्यांपूर्वी अंगठा लावत होत्या. त्यांनी पुठ्ठ्याच्या तुकड्यावर कोळशानं लिहिलं, "दगड मारू नका. आत पिलं आहेत." अक्षरं वाकडी होती, पण वाचता येत होती. पुठ्ठा बाभळीच्या बुंध्याला बांधला. दुसऱ्या दिवशी पोट्टे तिथं जमले आणि मोठ्यानं वाचू लागले. एकानं विचारलं, "हे कोनं लिवलं?" आजी बाजूलाच उभ्या होत्या. म्हणाल्या, "म्या लिवलं." त्यानंतर आम्ही तिथं दगड पडलेला पाहिला नाही.

पोळ्याच्या चार दिवस आधी पिलं निघू लागली. आम्ही आणि वर्गातली सहा-सात माणसं दिवस उगवायच्या आत विहिरीच्या पलीकडं जाऊन बसलो. घरट्याजवळ गेलो नाही. जवळ गेलं की पिलं बावरतात आणि वेळ होण्याआधीच उड्या टाकतात.

रोज माय किडा घेऊन सरळ नळीत शिरत असे. त्या दिवशी ती शिरली नाही. चोचीत हिरवा नाकतोडा धरून समोरच्या डहाळीवर बसली आणि हाका मारू लागली. नळीच्या तोंडातून एक डोकं बाहेर आलं. पुन्हा आत गेलं. पुन्हा आलं. असं किती वेळ चाललं! शेवटी पिल्लू नळीला नखांनी धरून लोंबलं, पंख पसरले आणि सुटलं. हातभर खाली आलं. आमच्या पोटात गोळा आला. पण पंख चालले आणि ते खालच्या डहाळीला जाऊन चिकटलं. मायनं लगेच घास दिला.

सगळ्यांचं असं नीट झालं नाही. एक पिल्लू थेट विहिरीत पडलं. बादली सोडेपर्यंत ते बुडालं होतं. कोणी काही बोललं नाही. काकाजी उठले, वाडीतून केळीचा एक खांब घेऊन आले आणि दोरानं विहिरीत सोडला. म्हणाले, "पडलंच तर बसाले जागा पाहिजे." तेच काकाजी, बरं का, ज्यांना फांदी तोडायची होती!

आणखी एक पिल्लू धुऱ्यावरच्या गवतात पडलं. एक पोरगा धावला. त्याची आई ओरडली, "हात नको लावू! माणसाचा हात लागला की माय टाकून देते." मंडळी, हा समज गावोगावी आहे. पण तो खरा नाही. नुसता माणसाचा हात लागला म्हणून पाखरू आपलं पिल्लू टाकत नाही. आम्ही ते पिल्लू ओंजळीत घेऊन जवळच्या झुडपावर ठेवलं आणि दूर सरलो. थोड्या वेळानं माय आली आणि तिथंच चारू लागली. पोराची आई पाहतच राहिली.

तीन दिवसांत बाभूळ शांत झाली. आजींनी वहीत रोजचा हिशेब लिहिला होता. पहिल्या दिवशी सात, दुसऱ्या दिवशी नऊ, तिसऱ्या दिवशी चार. खाली लिहिलं होतं, "एक बुडालं." वीस पिलं आम्ही जाताना पाहिली. न पाहिलेली वेगळी.

पाखरांना असा शेजार देणारी माणसं दूर देशीही आहेत. अमेरिकेत जांभळी भिंगरी नावाचं पाखरू आहे. तिथले मूळचे आदिवासी लोक पूर्वीपासून त्यांच्यासाठी पोकळ भोपळे खांबाला टांगत आले. आज त्या देशाच्या पूर्व भागात हे पाखरू जवळजवळ सगळं माणसानं टांगलेल्या घरांतच राहतं. पिलं सुमारे महिन्याभरानं घर सोडतात आणि मग दक्षिणेकडं हजारो मैल उडून जातात. तिथंही लोक अंगणात बसून पिलांचं पहिलं उडणं पाहतात. आपल्याला तर भोपळाही टांगावा लागत नाही. आपला पाहुणा स्वतःच घर विणतो. आपण फक्त झाड ठेवायचं.

काकाजींनी पुढं काय केलं ते सांगतो. धान कापून झालं, घरटी सुनी झाली, तेव्हा त्यांनी विहिरीवर आलेली अर्धी फांदी छाटली. उरलेली अर्धी ठेवली. पाला कमी झाला, झाडही राहिलं. यात कोणाचंच नुकसान नाही. तोडणं अडलंच असेल तर असं हिवाळ्यात तोडावं, पावसाळ्यात नव्हे.

म्हणून मंडळी, चार गोष्टी ध्यानात ठेवा. पिलं असलेली फांदी महिनाभर तोडू नका. दिवाणखान्यात टांगायला भरलेलं घरटं काढू नका. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यानं रानपाखरांची अंडी-घरटी मोडायला मनाई आहे. पडलेलं पिल्लू घरी नेऊ नका, जवळच्या झुडपावर ठेवा आणि मायला वाट द्या. आणि त्या तीन-चार दिवसांत मांजर-कुत्र्यावर लक्ष ठेवा.

आजींचा पुठ्ठा पावसानं भिजून गेला. अक्षरं पुसली. यंदा पुन्हा पावसाळा येईल, पिवळ्या डोक्याचे नर उरलेल्या अर्ध्या फांदीवर येतील. आजी म्हणतात, "या वर्षी पत्र्यावर रंगानं लिवतो, म्हंजे पुसनार नाही." रंग आणायचं काम वर्गाचं. तेवढं आज ठरवून मगच घरी जाऊ.

राम राम.