संगणक अभियंत्याचा व्यवसाय : लाभ आणि मर्यादा



सोलापुरी चादरीवरील नक्षी जॅकार्डच्या छिद्रे पाडलेल्या पुठ्ठ्यांतून उमटते. कोणता धागा उचलायचा, कोणता सोडायचा, हे ती छिद्रे ठरवितात. फ्रान्सच्या जोसेफ मारी जॅकार्ड यांनी १८०४ च्या सुमारास सिद्ध केलेल्या या पद्धतीवरूनच चार्ल्स बॅबेज यांना आपल्या नियोजित गणकयंत्राला आज्ञा देण्याची युक्ती सुचली. मागांच्या या गावातील मुले संगणकाकडे वळली, हे परक्या घरी जाणे नव्हे.

येथील समाजाने या शिक्षणाची सोयही वेळीच केली. १८८५ साली स्थापन झालेल्या श्री ऐलक पन्नालाल दिगंबर जैन पाठशाळेच्या संस्थेने १९८३ मध्ये वालचंद इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजी सुरू केली.

या व्यवसायाचा पहिला लाभ असा, की त्याला मोठे भांडवल लागत नाही. दुकान थाटायचे तर जागा, माल आणि उधारी सोसण्याची ताकद हवी. अभियंत्याचे भांडवल म्हणजे त्याची बुद्धी. इन्फोसिस ही कंपनी १९८१ मध्ये पुण्यातच अवघ्या दहा हजार रुपयांवर उभी राहिली. दुसरा लाभ असा, की येथे घराण्याच्या नावापेक्षा कामाला किंमत आहे. म्हणून सामान्य घरातील मुलामुलींनाही पुणे, बंगळूर आणि परदेशाची दारे उघडली.

आता खर्चाची बाजू. अमेरिकेच्या पूर्व किनाऱ्यावर सकाळचे नऊ वाजतात, तेव्हा भारतात ऋतूनुसार सायंकाळचे साडेसहा किंवा साडेसात झालेले असतात. तिकडच्या ग्राहकाचा दिवस उगवतो आणि इकडे सूर्यास्तापूर्वीचे जेवण, झोप व घरच्यांशी बोलणे मागे पडते. बैठ्या कामाने पाठ, मान आणि डोळे दुखतात. पुणे अडीचशे किलोमीटरवर असले, तरी सोलापुरातील प्रशस्त घरात केवळ वृद्ध आई-वडील उरतात आणि पेढीला वारस राहत नाही.

नोकरीची शाश्वतीही पूर्वीसारखी नाही. २०२५ मध्ये टाटा कन्सल्टन्सी सर्व्हिसेसने सुमारे बारा हजार कर्मचारी कमी करण्याचे जाहीर केले. त्याच वर्षी अमेरिकेने नव्या एच-१बी अर्जांवर एक लाख डॉलरचे शुल्क लावले. नवशिक्या अभियंत्याकडे दिली जाणारी प्राथमिक कामे आता कृत्रिम बुद्धिमत्ता काही क्षणांत करू लागली आहे.

सोलापूरला हा धडा नवा नाही. १८७७ मध्ये जुनी गिरणी सुरू झाली, तिच्यामागून इतर गिरण्या आल्या आणि गावाचा दिवस भोंग्यावर चालू लागला. पुढे भोंगे थांबले. यंत्रमागावर चादरी आणि टॉवेल विणण्याचा धंदा मात्र टिकला, कारण त्याने बाजार पाहून माल बदलला.

म्हणून पालकांनी शेजाऱ्याच्या मुलाचा पगार पाहून आपल्या मुलाची शाखा ठरवू नये. त्याची गणिताची आवड आणि चिकाटी पाहावी. अभियंत्यांनी चढत्या पगाराच्या भरवशावर वीस वर्षांच्या कर्जाचे ओझे घेऊ नये, वर्षभराचा घरखर्च शिल्लक ठेवावा आणि दरवर्षी काही नवे शिकावे. चांगला व्यापारी दिवाळीला केवळ विक्री पाहत नाही, शिलकी माल आणि देणीही मोजतो. पगाराच्या आकड्यासमोर प्रकृती, कुटुंब आणि समाधान यांचीही नोंद ज्याच्या वहीत असेल, त्याला हा व्यवसाय निश्चित फलदायी ठरेल.

जय जिनेंद्र!