बचावाचा वकील



खुनाच्या आरोपावरून शिक्षा झालेल्या माणसाने अपिलात ‘माझा वकील असून नसल्यासारखा होता’ असे म्हटले, तर न्यायालयाने काय करावे, हा आजचा माझा विषय आहे.

आपला आदिलाबाद जिल्हा १९५६ पर्यंत हैदराबाद राज्यात होता. त्याच राज्यातील खटल्याने आरंभ करतो. तेलंगणाच्या शेतकरी लढ्यातील काही जणांना विशेष न्यायाधिकरणाने १९४९ मध्ये खुनाबद्दल फाशी ठोठावली. वकील मिळण्याची पुरती संधी दिली नाही, ही त्यांची तक्रार सर्वोच्च न्यायालयात पोहोचली. ‘जनार्दन रेड्डी विरुद्ध हैदराबाद राज्य’ या १९५१ च्या निकालात न्यायमूर्ती फझल अली यांनी मान्य केले की, न्यायाधिकरणाने वकील नेमून देण्यासाठी काही पावले उचलावयास हवी होती. परंतु केवळ तेवढ्याने खटला रद्दबातल होत नाही. अर्ज फेटाळले गेले. फाशी पुढे टळली ती शिक्षा जन्मठेपेत बदलल्यामुळे. या युक्तिवादामुळे नव्हे. हा निकाल मी जितक्यांदा वाचतो तितक्यांदा अस्वस्थ होतो. चूक दिसली, पण उपाय दिला नाही!

हरलेला पक्षकार वकिलाला बोल लावतोच, हे मी व्यवसायात पुष्कळ पाहिले आहे. न्यायालये सावध असतात ती त्यामुळेच. अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने १९८४ मध्ये यावर दुहेरी कसोटी घातली: वकिलाचे काम खरोखरच निकृष्ट होते, आणि ते तसे नसते तर निकाल वेगळा लागण्याची वाजवी शक्यता होती, अशी दोन्ही गोष्टींची सिद्धता हवी. गरीब कैद्याने तुरुंगात बसून ही दुसरी गोष्ट कशी दाखवावी?

आपल्याकडे मोफत कायदेविषयक साहाय्याचा ३९-अ हा अनुच्छेद १९७६ च्या घटनादुरुस्तीने आला. तरी २०१३ मध्ये मध्य प्रदेशातील खंडवा येथे काय घडले पाहा. बलात्कार आणि खुनाच्या खटल्यात न्यायालयाने १९ फेब्रुवारीला आरोपीस वकील नेमून दिला, त्याच दिवशी दोषारोप ठेवले आणि ४ मार्चला फाशी सुनावली. वकिलाने कागद कधी वाचले असतील? सर्वोच्च न्यायालयाने २०१९ मध्ये हा निकाल रद्द करून फेरसुनावणीचा आदेश दिला. फाशी वा जन्मठेपेचा संभव असेल तेथे किमान दहा वर्षे वकिली केलेला वकील नेमावा आणि त्याला तयारीसाठी पुरेसा वेळ, सामान्यतः किमान सात दिवस, द्यावा, असेही सांगितले.

पुढे तो खटला पुन्हा चालला. २०२४ मध्ये खंडव्याच्याच न्यायालयाने आरोपीस निर्दोष सोडले. तोवर तो अकरा वर्षे तुरुंगात होता.