संयमाचा उपदेश आणि शरीराचे ज्ञान

काशीत मणिकर्णिकेपासून उत्तरेकडे थोडे चालत गेले की भोसले घाट लागतो. नागपूरकर भोसल्यांनी अठराव्या शतकाच्या उत्तरार्धात बांधविलेला हा दगडी घाट, त्यावरील वाडा आणि लक्ष्मीनारायणाचे मंदिर पाहून मराठी यात्रेकरूला परमुलखात आपले कोणी भेटल्यासारखे होते. मराठी माणसाचे काशीशी नाते पुण्याचे आणि विद्येचे. परंतु त्या नात्याला एक काळी किनारही होती. एकोणिसाव्या शतकात पांढरपेशा घरातील तरुण विधवेचा पाय घसरला, की यात्रेच्या निमित्ताने तिला काशीस किंवा पंढरपुरास धाडीत. पाय घसरला असे म्हणावयाची रीत होती. तो घसरविणारा पुरुष बहुधा घरातलाच असे आणि त्याला मात्र कोणतीही यात्रा घडत नसे. जोतीराव आणि सावित्रीबाई फुले यांनी 1863 साली पुण्यात बालहत्या प्रतिबंधक गृह काढले ते याच अभागिनींसाठी. त्या काळी या मुलींना संयमाचा उपदेश कमी मिळाला होता असे कोणी म्हणू शकणार नाही. केशवपन, एकभुक्त, तांबडे लुगडे हा सारा संयमाचाच सरंजाम होता. त्यांना मिळाले नव्हते ते आपल्या शरीराचे ज्ञान, आणि नको त्या माणसाला नाही म्हणण्याचे बळ.

ज्ञान द्यावे की केवळ संयम शिकवावा, या वादाला महाराष्ट्रात तोंड फुटले ते रघुनाथ धोंडो कर्वे यांच्यामुळे. महर्षी कर्व्यांचे हे ज्येष्ठ चिरंजीव गणिताचे प्राध्यापक होते. 1921 साली त्यांनी मुंबईत संततिनियमनाचे केंद्र उघडले. लंडनमध्ये मेरी स्टोप्स यांचे केंद्र निघाले तेही त्याच वर्षी, हे लक्षात घेतले म्हणजे हा मनुष्य काळाच्या किती बरोबरीने चालत होता ते कळते. या कार्यापायी 1925 साली त्यांना विल्सन कॉलेजातील नोकरीवर पाणी सोडावे लागले. 1927 च्या जुलैत त्यांनी 'समाजस्वास्थ्य' मासिक सुरू केले आणि 1953 साली मृत्यू येईपर्यंत चालविले. त्यातील वाचकांची प्रश्नोत्तरे हा त्या काळाचा एक विलक्षण दस्तऐवज आहे. जे वैद्याला विचारवत नाही आणि बापाला तर मुळीच नाही, ते लोक कर्व्यांना पत्राने विचारीत, आणि कर्वे आडपडदा न ठेवता दोन-चार ओळींत उत्तर देत. त्या उत्तरांवर 1934 साली अश्लीलतेचा खटला झाला. कर्व्यांच्या बाजूने डॉ. बाबासाहेब आंबेडकर उभे राहिले. निकाल विरुद्ध गेला आणि कर्व्यांना दंड झाला. वाचकाने विचारलेल्या प्रश्नाला शास्त्रीय उत्तर देणे हाच गुन्हा ठरत असेल, तर अज्ञान हेच कायद्याचे संरक्षित क्षेत्र ठरते.

विरुद्ध बाजूही लहानसहान नव्हती. 1935 च्या डिसेंबरात मार्गारेट सँगर वर्ध्यास गांधीजींना भेटल्या. संततिनियमनाची कृत्रिम साधने गांधीजींना मान्य नव्हती. आत्मसंयम हाच एक मार्ग, असे त्यांचे म्हणणे होते. त्यामागे स्त्रीला भोगवस्तू मानण्याविषयीची खरी चीड होती, हे मान्य केलेच पाहिजे. परंतु एका तपस्व्याचे व्रत कोटी कोटी संसारांचे धोरण होऊ शकत नाही. स्वातंत्र्यानंतर त्याची प्रचीतीही आली. आरोग्यमंत्री राजकुमारी अमृत कौर यांच्या कारकीर्दीत, पन्नाशीच्या आरंभी, सरकारने सुरक्षित दिवसांची पद्धत प्रयोगादाखल शिकविली. दिल्लीत आणि म्हैसुरातील रामनगरम येथे स्त्रियांना दिवस मोजण्यासाठी रंगीत मण्यांच्या माळा दिल्या गेल्या. प्रयोग फारसा यशस्वी झाला नाही. मणी पुढे सरकत. संसारातील रात्री मात्र मण्यांच्या हिशेबाने सरकत नसत.

अलीकडचा इतिहास याहून वेगळा नाही. 2005 साली केंद्र सरकारने शाळांसाठी किशोरवयीन शिक्षणाचा कार्यक्रम आखला. एड्सची भीती तेव्हा मोठी होती. 2007 साली महाराष्ट्राच्या विधिमंडळात पाठ्यसाहित्यातील चित्रांवरून गदारोळ झाला आणि कार्यक्रम थांबविण्यात आला. इतर अनेक राज्यांनीही तेच केले. 2009 साली राज्यसभेच्या याचिका समितीने शाळांत लैंगिक शिक्षण नको, विवाहापूर्वी संबंध नको एवढाच संदेश मुलांना द्यावा, अशी शिफारस केली. याच संदेशावर अमेरिकेने 1996 च्या एका कायद्याने दरसाल 5 कोटी डॉलर खर्च केले. पुढे तेथील विधिमंडळाच्याच आदेशाने झालेल्या पाहणीचा अहवाल 2007 साली निघाला. हे वर्ग घेतलेल्या आणि न घेतलेल्या मुलांच्या वर्तनात फरक आढळला नाही. पहिल्या संबंधाचे सरासरी वयदेखील एकच निघाले. सार्वजनिक पैशाचा हिशेब ठेवणाऱ्या कोणत्याही खात्याने असा खर्च पुढच्या वर्षी मंजूर करू नये.

संयम शिकवू नये असा याचा अर्थ कोणी काढू नये. पूर्ण लैंगिक शिक्षणात थांबणे, नकार देणे, दुसऱ्याचा नकार ऐकणे हे सारे येतेच. 2007 सालीच केंद्राच्या महिला व बालविकास मंत्रालयाने 13 राज्यांत केलेल्या पाहणीत निम्म्याहून अधिक मुलांनी आपल्यावर कोणत्या ना कोणत्या प्रकारचा लैंगिक अत्याचार झाल्याचे सांगितले. आठ वर्षांच्या मुलीला ब्रह्मचर्याचा उपदेश करून काय साधणार? तिला आपल्या अवयवांची नावे ठाऊक हवीत, कोणता स्पर्श सोसू नये हे कळावयास हवे, आणि आईला ते सांगताना लाज वाटू नये. अत्याचारापासून बालकांचे संरक्षण करणारा कायदा 2012 साली झाला. परंतु जे घडले त्याला शब्दच नसतील तर तक्रार कशाची करावयाची? सर्वोच्च न्यायालयाने 2024 च्या सप्टेंबरात एका निकालात सर्वंकष लैंगिक शिक्षणाचा आग्रह धरला, आणि ते पाश्चात्त्य आहे किंवा मुलांना बिघडविते हा समज दूर सारला.

पाश्चात्त्य म्हणावे तर भोसले घाटापासून जवळच असलेल्या चौखंबा मोहल्ल्याचे नाव धारण करणाऱ्या प्रकाशनाने वात्स्यायनाचे कामसूत्र छापले आहे. स्त्रीने हे शास्त्र यौवन येण्यापूर्वी शिकावे, असे त्यात म्हटले आहे. स्त्रियांना शास्त्र शिकवून उपयोग नाही म्हणणाऱ्या आचार्यांचे मत तेथे नोंदवून खोडलेले आहे. ग्रंथाच्या शेवटी वात्स्यायन सांगतो की ही रचना आपण ब्रह्मचर्य पाळून केली.

2020 साली सुरू झालेल्या शालेय आरोग्य कार्यक्रमात 11 विषय आहेत, आणि प्रजननाचे आरोग्य व एचआयव्हीपासून बचाव हा त्यांपैकी एक. प्रत्येक शाळेतील दोन शिक्षकांनी, शक्यतो एक पुरुष व एक स्त्री यांनी, ते शिकवावयाचे आहेत. अडचण आहे ती या दोघांचीच. दहावीच्या पुस्तकातील प्रजननाचा धडा त्यांच्या शिक्षकांनी त्यांना घरी वाचावयास सांगितला होता, आणि त्यांच्यापैकी पुष्कळ जण आपल्या वर्गालाही तेच सांगत आले आहेत. आधी त्यांना शिकविले पाहिजे, आणि वर्गात त्यांनी शब्द उच्चारला म्हणून गावात गदारोळ झाला तर खात्याने त्यांच्या पाठीशी उभे राहिले पाहिजे.