सर्वांत शेवटचा माणूस

(संस्थेच्या सुवर्णमहोत्सवी कुटुंबमेळाव्यात सहल-समितीच्या एका सभासदाने केलेले भाषण)



सहलीविषयी चार शब्द बोलावेत अशी मला आज्ञा झाली आहे. मी वक्ता नव्हे. डोंगर चढणारा एक साधा गृहस्थ आहे. तेव्हा जे घडले तेच सांगतो, आणि त्यात माझी एक चूक आहे तीही सांगतो.

२०२४ च्या जानेवारीत, संक्रांतीनंतरच्या शनिवार-रविवारी आपली ३१ माणसे पावागडला गेली. पतंगांचा मांजा अजून झाडांवर लटकत होता, आणि प्रत्येकाच्या पिशवीत दशम्या, तिळाच्या वड्या व एकेक कांबळे होते. वडोदऱ्यापासून सुमारे ५० किलोमीटरवर असलेला हा डोंगर समुद्रसपाटीपासून सुमारे ८०० मीटर उंच आहे. सह्याद्रीच्या मानाने तो काही फार नव्हे. परंतु सपाट मुलखात तो एकटाच उभा असल्यामुळे आहे त्याहून मोठा वाटतो.

या गडाचा इतिहास आपल्या मुलांना ठाऊक असावा. महमूद बेगड्याने दीर्घ वेढा घालून १४८४ मध्ये तो जिंकला व पायथ्याच्या चांपानेरला आपली राजधानी वसविली. पुढे हा गड ग्वाल्हेरच्या शिंद्यांकडे होता. १८०३ च्या युद्धात इंग्रजांनी तो घेतला. २००४ पासून चांपानेर-पावागड जागतिक वारशाच्या यादीत आहे. परंतु मला सर्वांत आवडते ती १५३५ मधली हकीकत. हुमायूनच्या माणसांनी रात्री उभ्या कड्यात लोखंडी खुंट्या ठोकून हा गड चढला. एकोणचाळीस माणसे वर गेल्यावर बैरामखान चढला आणि त्याच्यामागून, एक्केचाळिसावा, स्वतः बादशहा. पुढारी नेहमी पहिलाच असावा लागतो असे नाही, हे ध्यानात ठेवा.

मी मात्र त्या शनिवारी पहिला होतो. दुपारी चांपानेरहून जुन्या पायवाटेने निघालो. थंड हवा, तरुण मंडळी, गप्पांचा रंग. माचीवर धर्मशाळेत पोहोचलो तेव्हा दिवस मावळला होता. चहा झाला, कांबळी पसरली, आणि मग कोणीतरी विचारले, "काकू कुठे आहेत?" मोजली तर माणसे २९! अडुसष्ट वर्षांच्या आमच्या काकू आणि त्यांचा बारा वर्षांचा नातू मागे राहिले होते. वाटेत दरवाजापाशी माणसे मोजायची असे मीच ठरविले होते, आणि मीच ते विसरलो होतो.

बॅटऱ्या घेऊन आम्ही चौघे परत उतरलो. हाका मारल्या. तो तास मला अजून आठवतो. अखेर खालून एक दिवा हलताना दिसला. बुटातला खडा काढायला काकू बसल्या, तेवढ्यात आम्ही वळणापलीकडे गेलो आणि फाट्यावर त्यांनी गुराख्यांची वाट धरली. घरी परतणाऱ्या एका गुराख्याने त्यांना पुन्हा मुख्य वाटेवर आणून सोडले होते. मी क्षमा मागू लागलो, तर काकू म्हणाल्या, "अरे, वाट मी चुकले खरी, पण मोजणी तू चुकलास." यावर माझ्यापाशी उत्तर नव्हते.

रविवारी सकाळी आम्ही क्रम बदलला. काकू सर्वांच्या पुढे, त्यांच्या चालीने सगळे, आणि मी शेवटचा. गुडघ्यांनी असहकार पुकारलेले तिघे उडनखटोल्याने गेले व वर आमची वाट पाहत बसले. वेळ अधिक लागला. पण दुधिया तलावाकाठी ३१ च्या ३१ माणसांनी एकत्र तिळगूळ खाल्ला. तेथे मुलांना सांगितले की आपली विश्वामित्री याच डोंगराच्या परिसरात उगम पावते. मुलांना ते खरे वाटेना. एवढी मोठी नदी, आणि येथे तिचे साधे चिन्हही नाही!

त्याच वर्षी ऑगस्टच्या अखेरीस ती नदी आपल्या घरांत शिरली. नदीकाठच्या वस्त्यांत वीज गेली, तळमजले बुडाले, रस्त्यांवर मगरी आल्या. त्या रात्री सहलीची यादी माझ्या टेबलावर होती. मी खालून मोजायला सुरुवात केली: तळमजल्यावर राहणारे, एकटे राहणारे, वयाने मोठे. काकू आधीच शेजाऱ्यांकडे वरच्या मजल्यावर गेल्या होत्या. एका वृद्ध दांपत्याचा मात्र फोन लागेना. सहलीतलाच एक तरुण त्यांच्याच गल्लीत राहत होता. त्याने शेजाऱ्यांना हाताशी धरून दोघांना गच्चीवर नेले. पाणी घरात कमरेपर्यंत आले ते त्यानंतर. आमच्या हातून मोठे काही झाले असे मी म्हणत नाही. फक्त या वेळी मोजणी चुकली नाही.

म्हणून विश्वस्तांना माझी एक नम्र विनंती आहे. सहल दरवर्षी चालू ठेवावी, हे तर आहेच. परंतु आपल्या सभासदांच्या यादीत एकटे व तळमजल्यावर राहणाऱ्या वडीलधाऱ्यांच्या नावांपुढे खूण करावी, आणि प्रत्येक नावामागे जवळपासचा एक तरुण नेमावा. यास पैसा लागत नाही. मागे वळून पाहण्याची सवय लागते. ती सवय डोंगरावर लवकर जडते, असा माझा अनुभव आहे.

पुढच्या जानेवारीत अवश्य या. दशम्या आपापल्या आणाव्यात. शेवटी चालण्याचे काम माझे.