एक एंजिन थांबलें तर

गोंदियाजवळच्या बिरसी गांवीं ब्रिटिशांनीं दुसऱ्या महायुद्धाच्या काळांत, १९४० सालीं, धांवपट्टी बांधली. पुढें तेथें वैमानिक घडविणारी शाळा निघाली, आणि मार्च २०२२ मध्यें तेथून उतारूंची विमानसेवाही प्रथम सुरू झाली. विमान म्हणजे डोक्यावरून जाणारा घरघराट, एवढीच ज्यांची ओळख होती, तीं आपल्याकडचीं माणसें विमानांत बसून हैदराबादेस जाऊं लागलीं. साहजिकच एक प्रश्न कानीं येऊं लागला : वर गेल्यावर एंजिन बंद पडलें तर?

दोन एंजिनांपैकीं एक थांबलें म्हणून विमान दगडासारखें खालीं पडत नाहीं, हें प्रथम सांगतों. उड्डाणाच्या ऐन क्षणीं एक एंजिन गेलें तरी उरलेल्या एकावर वर चढतां यावें, असें नियमानेंच उतारूंच्या विमानावर बंधन असतें. ता. १९ मे २०२२ रोजीं एअर इंडियाचें विमान मुंबईहून बंगळूरकडे निघालें. थोड्याच वेळांत एक एंजिन आकाशांत बंद करावें लागलें. आणि सुमारें २७ मिनिटांत तें विमान मुंबईस सुखरूप परत उतरलें.

हें कसें साधतें? आपल्या बैलगाडीचा दाखला घ्या. गाडी भरधाव चालली असतां एक बैल अडला, तर गाडी त्याच बाजूस वळूं पाहते. जाणता धुरकरी आधीं कासरा सांवरतो. बैलाला काय झालें हें मागाहून पाहतो. विमानाचेंही तसेंच. एका पंखावरचें एंजिन थांबलें कीं विमानाचें तोंड त्या बाजूस वळूं लागतें. वैमानिक पायानें सुकाणूं दाबून तें सरळ धरतो आणि वेग राखतो. उड्डाण होतांच बिघाड झाला, तर निदान ४०० फूट उंची गांठेपर्यंत एंजिन बंद करण्याच्या उद्योगास सामान्यतः हात घालावयाचा नाहीं, अशी शिकवण असते.

मग एकानें विमान चालवावयाचें आणि दुसऱ्यानें नेमून दिलेल्या सूचीप्रमाणें कामें उरकावयाचीं. शक्तीचा दांडा मागें ओढण्यापूर्वीं आणि इंधनाचा खटका बंद करण्यापूर्वीं एकानें तो कोणत्या एंजिनाचा हें मोठ्यानें उच्चारावयाचें, व दुसऱ्यानें डोळ्यांनीं पाहून होकार द्यावयाचा. पंख्याचें विमान असल्यास थांबलेल्या पंख्याचीं पातीं वाऱ्याच्या धारेस समांतर करतात, नाहींपेक्षां तीं विमानास मागें खेंचतात. फार उंचावर असल्यास एका एंजिनावर ती उंची टिकत नाहीं. म्हणून सावकाश खालीं येऊन जवळच्या योग्य विमानतळाची वाट धरतात.

हा उच्चार-होकाराचा सोपस्कार कोणास फाजील वाटेल. परंतु त्याच्यामागें माणसांचे प्राण गेलेले आहेत. ता. ८ जानेवारी १९८९ रोजीं लंडनहून बेलफास्टला निघालेल्या विमानाच्या डाव्या एंजिनाचें पातें तुटलें. कक्षांत धूर आला, विमान थरथरूं लागलें, आणि वैमानिकांनीं घाईनें उजवें, म्हणजे धडधाकट एंजिन बंद केलें. योगायोगानें त्याच वेळीं थरथर कमी झाली; त्यामुळें निर्णय बरोबर ठरला असें त्यांस वाटलें. उतरण्याच्या बेतांत असतां डावेंही निकामी झालें आणि केगवर्थ गांवाजवळ विमान कोसळलें. १२६ पैकीं ४७ माणसें दगावलीं. ता. ४ फेब्रुवारी २०१५ रोजीं तैपेई येथें पंख्याच्या विमानांत हीच चूक पुन्हां घडली, आणि ५८ पैकीं ४३ जण प्राणांस मुकले. दोन्हीं ठिकाणीं एक एंजिन चालण्याजोगें होतें. नडली ती घाई.

केगवर्थची आणखी एक गोष्ट मला शिक्षक म्हणून फार बोंचते. मागें बसलेल्या कित्येक उतारूंनीं डाव्या एंजिनांतून निघणाऱ्या ज्वाळा पाहिल्या होत्या. उजव्या एंजिनांत बिघाड झाल्याचें कप्तानानें सर्वांस ऐकविलें. ऐकणारे कांहीं जण बुचकळ्यांत पडले. पण कप्तानास अधिक कळतें, असें समजून सारे गप्प राहिले.

ही चुप्पी आपल्या ओळखीची नाहीं काय? गुरुजींनीं फळ्यावर चुकीचा आंकडा लिहिला, तर वर्गांतील चार मुलांना तो दिसतो आणि एकही तोंड उघडत नाहीं. त्या गप्प बसण्यास आपण शिस्त म्हणतों. वैमानिकांच्या शिक्षणांत आतां याच्या उलट धडा मुद्दाम गिरविला जातो : दुय्यम वैमानिकास शंका आली तर त्यानें ती स्पष्ट बोलावी, आणि मुख्यानें ती ऐकून घ्यावी. आदर आणि मौन या दोन निराळ्या गोष्टी आहेत.

तेव्हां श्रोतेहो, विमानांत बसाल तेव्हां पट्टा बांधा, सूचना ऐका, आणि प्रसंग पडल्यास सामानाचा मोह सोडून बाहेर पडा. खिडकींतून कांहीं विपरीत दिसलें तर विमानसेविकेस तत्काळ सांगा; तुमचा समज खोटा ठरला तरी त्यांत लाज नाहीं. आणि घरीं असाल तेव्हां, मूल तुमची चूक दाखवूं लागलें, तर त्याला बोलूं द्या. बिरसीच्या धांवपट्टीवर शिकावयास जाणारीं मुलें आधीं आपल्याच घरांतून आणि शाळांतून तयार होत असतात.