भयाची शुश्रूषा

कर्करोगाचे निदान सांगण्याचे काम डॉक्टरांचे. परंतु ते ऐकल्यानंतरची रात्र ज्यांच्या सोबतीने काढावयाची असते, त्या परिचारिकांविषयी आज चार शब्द बोलावयाचे आहेत.

डॉक्टर खाटेपाशी येतात तेव्हा रुग्णाला प्रश्न सुचत नाहीत. ते सुचतात रात्री दोनच्या सुमारास, आणि मग सलाईनची बाटली बदलावयास आलेल्या सिस्टरलाच तो हळूच विचारतो, "माझे केस जातील का हो? घरी नातवाला जवळ घेतले तर चालेल का?" या प्रश्नांना मिळणाऱ्या उत्तरांवर त्याची झोप अवलंबून असते.

अनुभवी परिचारिका येथे पोकळ धीर देत नाही. पुढे काय घडणार ते ती आधी सांगून ठेवते. केमोथेरपीतील डॉक्सोरुबिसिन हे औषध लालभडक असते आणि ते दिल्यावर एकदोन दिवस लघवीही तांबूस होते. हे ठाऊक नसलेला रुग्ण रक्त पडले असे समजून हादरतो. ठाऊक असलेला पाणी पितो आणि स्वस्थ राहतो. ज्या औषधांनी केस जातात, त्यांच्या पहिल्या मात्रेनंतर बहुधा दोनतीन आठवड्यांनी ते गळू लागतात आणि उपचार संपल्यावर सहसा पुन्हा येतात, हे आधी कळले तर निदान उशीवरचा पुंजका पाहून काळजात धस्स होत नाही. किरणोपचाराच्या खोलीत रुग्णाला काही मिनिटे एकट्याने पडून राहावे लागते. बाहेरून आपल्याला कोणी पाहत आहे, हाक मारली तर ऐकू जाईल, एवढे समजले तरी पुष्कळ होते. बाहेरून दिलेले किरण शरीरात साठून राहत नाहीत. तेव्हा नातवाला खुशाल जवळ घ्यावे. कर्करोग स्पर्शाने पसरत नाही. तरीही कित्येक घरांत रुग्णाचे ताटवाटी वेगळे केले जाते. ते ताट पुन्हा पंगतीत आणण्याचे काम अनेकदा परिचारिकेच्या दोन वाक्यांनी झाले आहे.

"काही होत नाही, घाबरू नका," हे वाक्य आपण सारेच सढळपणे वापरतो. त्याने ऐकणाऱ्याचे तोंड मात्र बंद होते. त्याऐवजी "तुम्हांला सर्वांत जास्त कशाची काळजी वाटते?" असे विचारून पाहावे. उत्तरात रोगाचे नावही नसते. मुलीचे लग्न असते, सोसायटीचे कर्ज असते, राहिलेली पेरणी असते. परळचे टाटा स्मारक रुग्णालय १९४१ साली सुरू झाले. तेथे दूरदूरच्या प्रांतांतून माणसे येतात आणि रोगाइतकाच मुक्कामाचा प्रश्न त्यांना छळतो. अशा वेळी परिचारिका रुग्णालयातील समाजसेवकांकडे निरोप धाडते, आणि धर्मशाळेतल्या एका खोलीने जो ताण उतरतो तो गोळीने उतरत नाही. कित्येक रुग्णालयांत मनावरचा ताण शून्य ते दहा या मापाने विचारण्याचीही पद्धत आहे. आकडा सांगणे अश्रू ढाळण्यापेक्षा सोपे असते, विशेषतः पुरुषांना.

मुखाच्या वा घशाच्या शस्त्रक्रियेनंतर कित्येकांना बोलताच येत नाही. त्यांच्या हाताशी घंटा आणि पाटी ठेवणे ही किरकोळ बाब नव्हे. हाक मारता न येणे हेच त्यांचे सर्वांत मोठे भय असते.

सर्वांत अवघड प्रसंग मात्र नातेवाईक आणतात. "सिस्टर, त्यांना काही सांगू नका हं," असे दाराबाहेर बजावले जाते, आणि आत रुग्ण विचारतो, "हे नेमके काय आहे?" खोटे बोलणे तिला शोभत नाही, आणि निदान परस्पर उघड करणे तिच्या अधिकारात नाही. मग ती त्यालाच विचारते, तुम्हांला काय वाटते, किती जाणून घ्यावेसे वाटते? ते डॉक्टरांच्या कानावर घालते आणि घरच्यांना त्यांच्यासमोर बसविते. बहुतेक वेळा असे निघते की, रुग्णाला कधीच कळून चुकले होते. घरच्यांना वाईट वाटू नये म्हणून तोही गप्प होता. एकाच घरातील माणसे एकमेकांपासून तेच दुःख लपवीत असतात!

वेदनेतील ही गुंतागुंत ओळखणाऱ्या सिसिली सॉन्डर्स या मूळच्या परिचारिकाच. पुढे १९५७ मध्ये त्या डॉक्टर झाल्या आणि १९६७ मध्ये लंडनला त्यांनी सेंट ख्रिस्तोफर्स हे शुश्रूषागृह काढले. शरीर, मन, संसार आणि श्रद्धा या चारही ठिकाणचे दुखणे मिळून एकच वेदना होते, असे त्या मानीत. आपल्याकडे १९८६ मध्ये वांद्र्याला शांती अवेदना सदन निघाले. गोव्यात लोटली येथेही त्याची शाखा झाली.

येथे एक तक्रार नोंदविल्यावाचून राहवत नाही. एका परिचारिकेकडे फार खाटा आल्या की इंजेक्शन चुकत नाही, चुकते ते बोलणे. दिलेल्या औषधांची नोंद वहीत होते. ऐकण्यात गेलेल्या पाव तासाची कोठेच होत नाही.

घरी जाताना परिचारिका हाती एक चिठ्ठी देते. केमोथेरपी चालू असता ताप अडतीस अंश सेल्सियस किंवा त्याहून अधिक झाला तर सकाळची वाट न पाहता रुग्णालयात कळवावे, असे तीवर लिहिलेले असते, आणि खाली दूरध्वनीचा क्रमांक. ती चिठ्ठी कपाटात न ठेवता भिंतीवर, रुग्णालाही दिसेल अशी लावावी.